गिरणीच्या आवारातलं जेवण

मुंबईत आज ज्या रेस्टॉरंटांचं नाव देशभर घेतलं जातं, त्यांतली काही जुन्या गिरण्यांच्या आवारात आहेत. लोअर परळच्या कमला मिल्समध्ये २०१५ साली ‘द बॉम्बे कँटीन’ सुरू झालं. पुढच्याच वर्षी महालक्ष्मीला लक्ष्मी वुलन मिलच्या आवारात ‘मास्क’ उघडलं. तिथे एकामागून एक दहा पदार्थ येतात, आणि काय जेवायचं ते शेफ ठरवतो.

या जागांबद्दल मला आदर आहे. महागड्या हॉटेलात ‘भारतीय जेवण’ म्हणजे बटर चिकन आणि दाल मखनी, ही समजूत वर्षानुवर्षं कुणी हलवली नव्हती. शेफ फ्लॉइड कार्डोझ मुंबईचे. न्यूयॉर्कमध्ये ‘तबला’ हे रेस्टॉरंट गाजवून ते पुन्हा आपल्या शहराकडे वळले आणि ‘बॉम्बे कँटीन’मध्ये त्यांनी हंगामी भाज्यांना, इथल्या धान्यांना मानाचं पान वाढलं. २०२०च्या मार्चमध्ये करोनानं त्यांना नेलं, पण त्यांनी घालून दिलेली वाट रुळली. गरिबाघरची म्हणून हिणवलेली नाचणी आज अशा टेबलांवर मानानं येते. वाढणारा मुलगा बशी ठेवताना थांबून सांगतो, तांदूळ कुठला, चीज कुणी बनवलं, रानभाजी कुठून आली. मोठ्या बशीत चार घास असतात, म्हणून लोक हसतात. मला हसू येत नाही. त्या चार घासांमागे कधी कधी दोन-दोन दिवसांची मेहनत असते.

पण सांगण्याच्या या ओघात एक माणूस कायम राहून जातं. याच आवाराच्या दाराबाहेर आधी कोण रांधत होतं?

रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेला गिरणी कामगार बहुधा बायकामुलं गावी ठेवून यायचा. चाळीतल्या एकाच खोलीत पाळ्यापाळ्यांनी झोपायचा आणि खानावळवाल्या बाईकडे जेवायचा. ही बाई दहा बाय बाराच्या खोलीत, आपला संसार सांभाळून, पहिल्या पाळीवाल्यासाठी अंधारात उठून स्टोव्ह पेटवायची. कोकणातल्याला भात आणि माशाचं कालवण, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत आमटी. कोण रात्रपाळीला आहे, कुणाचं पोट बिघडलंय, हे तिला तोंडपाठ असायचं. पाहुण्याची आवडनिवड लिहून ठेवणाऱ्या आजच्या रेस्टॉरंटांनी तिच्याकडून शिकावं, असं तिचं काम होतं. पैसे मात्र कामगाराचा पगार झाल्यावर मिळायचे. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज तिच्याच डोक्यावर. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, या बायकांना एकत्र आणलं आणि बँकांचं कर्ज मिळवून दिलं. जिच्या नावावर काही गहाण ठेवायला नव्हतं, तिच्या कष्टाला बँकेनं पत मानली. मुंबईच्या इतिहासातली ही फार मोठी गोष्ट आहे, असं मी मानते.

मग १८ जानेवारी १९८२चा संप आला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगारच थांबला तिथे खानावळीचे पैसे कुठून येणार? पुढे गिरण्या गेल्या, जमिनींवर मॉल, कार्यालयं आणि उपाहारगृहं उभी राहिली. यात रेस्टॉरंट चालवणाऱ्या आजच्या मुलामुलींचा दोष नाही. त्यांना जागा मिळाली आणि त्यांनी तिथे चांगलं अन्न शिजवलं.

तरीही मेन्यूकार्डावर शेताचं नाव छापता येतं, तर या बायकांचं का नाही? तिथल्या शेफ मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. लालबाग, परळ, करी रोडच्या चाळींत जा. कधीकाळी वीस-पंचवीस जणांचं जेवण एकटीनं काढणाऱ्या बाईला शोधा. तिला तुमच्या स्वयंपाकघरात बोलवा, तिचं कालवण तिच्या हातून शिका, योग्य मोबदला द्या आणि पदार्थापुढे तिचं नाव छापा. संपाला चाळीसहून अधिक वर्षं झाली. त्यांच्यातल्या ज्या आहेत, त्या आता सत्तरी-ऐंशीत असतील. हे काम याच वर्षी व्हायला हवं.