खोल जाण्याआधी

दिल्लीच्या द्वारका भागात एक मराठी कुटुंब राहत होतं. वडील मूळचे फलटणकडचे, केंद्र सरकारच्या एका खात्यात. आई शाळेत गणित शिकवायची. एकुलती एक गार्गी बारावी विज्ञानला.

दिल्लीत वाढलेल्या पोरांना पर्यावरणाचं महत्त्व कुणी समजावून सांगावं लागत नाही. नोव्हेंबर आला की हवा बिघडते आणि शाळांना सुट्टी लागते. जुलै 2023 मध्ये जुन्या रेल्वे पुलापाशी यमुना 208.66 मीटरपर्यंत चढली आणि 1978 च्या पुराचा 207.49 मीटरचा उच्चांक मोडला, ते गार्गीने टीव्हीला चिकटून पाहिलं होतं. फेब्रुवारी 2025 मध्ये पहाटे साडेपाचच्या सुमारास धौला कुआँ परिसरात 4 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा तर ती अंथरुणातच गदागदा हलली होती. हवा, पाणी, जमीन, जे जे बिघडलंय ते सगळं शिकायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं.

एनसीआरमधल्या एका खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक तिने मिळवलं. त्यातल्या पदवीचं नाव दोन ओळींत कसंबसं मावलं होतं. हवामानबदल होता, शाश्वतता होती, धोरण होतं, नेतृत्वही होतं. वडील खूश झाले.

"हे बरं आहे. पहिल्या दिवसापासून थेट विषयात खोल शिरायचं. दगड आणि रसायनं घोकण्यात तीन-चार वर्षं कशाला घालवायची?"

आईने अभ्यासक्रमाची पानं उलटून पाहिली. "यात गणित कुठल्या सत्राला आहे?"

ते कुठल्याच सत्राला नव्हतं.

"मग बिघडलंय किती, हे मोजणार कशानं?" आईने विचारलं. वडिलांनी विषय बदलला.

बदलायला विषय तयारच होता. सोसायटीच्या बोअरचं पाणी कमी झालं होतं, आठवड्यातून दोनदा टँकर मागवावा लागत होता आणि पाणी समितीचे प्रमुख होते गार्गीचे वडील. रीतसर परवानगी काढून जुन्या बोअरच्या शेजारी नवा बोअर घ्यायचं ठरलं. नजफगढकडचा एक वयस्क बोरिंग मिस्त्री गाडी घेऊन आला.

मिस्त्रीची एक पद्धत होती. दर दहा फुटांना वर येणाऱ्या मातीची मूठभर ढिगली तो भिंतीकडेला ओळीने मांडून ठेवी. सुरुवातीच्या ढिगल्या पिवळसर गाळाच्या होत्या, पुढच्या बारीक वाळूच्या, मधूनच चुनखडीचे खडे मिसळलेल्या. गार्गीने शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेल्या सौम्य हायड्रोक्लोरिक अॅसिडचे दोन थेंब एका खड्यावर टाकले, तसा तो फसफसला. मिस्त्री कौतुकाने बघत राहिला. 130 फुटांवरची ढिगली मात्र वेगळीच निघाली. घट्ट, तपकिरी, बोटाला चिकटणारी. मिस्त्रीने मशीन थांबवलं.

"साहेब, इथे थांबू. वरच्या वाळूत जेवढं गोडं पाणी आहे तेवढं घेऊ. ही चिकणमाती फोडायला नको. खाली काय आहे ते मला आजूबाजूच्या बोअरवरून माहीत आहे."

"खाली पाणी आहे की नाही?"

"पाणी पुष्कळ आहे."

"मग झालं तर! आमच्या गावाकडे दोनशेला नाही लागलं तर तीनशेला लागतं. चला, अजून शंभर फूट."

समितीच्या बाकीच्यांनीही माना डोलावल्या. पैसे शंभर फुटांचे जास्त जाणार होते, पण टँकर कायमचा बंद होणार होता. मिस्त्रीने खांदे उडवले आणि मशीन सुरू केलं. दुपारपर्यंत चिकणमाती ओलांडली गेली आणि 220 फुटांवर पाण्याचा असा लोंढा आला की टाळ्या वाजल्या. चौकातून लाडू आले. वडिलांचे मोबाइलवर फोटो निघाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार आली की चहाला चव नाही. दुसरीकडे डाळ शिजेना. आठवड्याभरात कुंड्यांतल्या तुळशीची पानं कडेने करपली. वॉटर फिल्टर दुरुस्तीला आलेल्या पोराने खिशातून पेनासारखा मीटर काढून पेल्यात बुडवला. आकडा वर सरकत 3,900 वर थांबला. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोयच नसेल तर फार तर 2,000 चालतील, असं भारतीय मानक सांगतं. सोसायटीने हौसेने पैसे मोजून मचूळ पाणी वर काढलं होतं.

द्वारकेच्या गणेशोत्सवात ओळख झालेल्या एक ताई फरिदाबादच्या भूजल भवनात, केंद्रीय भूजल मंडळात शास्त्रज्ञ होत्या. मूळच्या नागपूरच्या. आईने त्यांना बोलावलं. ताईंनी पंप पाहिला नाही, मीटरही पाहिला नाही. त्या थेट भिंतीकडेच्या ढिगल्यांपाशी उकिडव्या बसल्या आणि एकेक ढिगली बोटांत चोळून पाहू लागल्या. 130 च्या ढिगलीशी त्या थांबल्या.

"इथे थांबायचं होतं, दादा."

"मिस्त्री म्हणाला होता," वडील खालच्या आवाजात म्हणाले. "पण गावाकडचा अनुभव..."

"गावाकडची जमीन वेगळी. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टचा. तिथलं पाणी वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं. त्याखाली नुसतं खोल जात राहिलात तर बहुतेक वेळा कोरडा खडक आणि कर्ज, दोन्ही लागतं. इथे खाली नदीचा गाळ आहे. अरवलीतून येणारी साहिबी नदी या नजफगढच्या सखल भागात पसरायची, मोठी झील व्हायची. साचलेलं पाणी वर्षानुवर्षं उन्हात आटायचं आणि क्षार मागे राहायचे. म्हणून इथे खालचं पाणी खारं आहे आणि पावसाचं गोडं पाणी हलकं असल्यामुळे त्यावर तरंगतंय. मधला चिकणमातीचा थर तुमची राखण करत होता. तो तुम्हीच फोडलात."

उपाय निघाला, पण खर्चाचा. बोअरचा खालचा भाग चिकणमातीच्या थरापर्यंत सिमेंटने बंद करायचा, वरच्या वाळूत जाळीचा पाइप बसवायचा, उपसा बेताचा ठेवायचा, कारण जोरात उपसलं तरी खारं पाणी वर ओढलं जातं. आणि कचऱ्याने बुजलेले पाऊसपाण्याचे खड्डे पावसाळ्याआधी साफ करायचे. त्या खड्ड्यांकडे सोसायटीतलं कुणी कधी फिरकलंही नव्हतं.

चहाला ताई घरी आल्या. टेबलावरचं ते माहितीपत्रक त्यांच्या नजरेला पडलं.

"ही पदवी घेऊन पुढे काय करायचं ठरवलंयस?" त्यांनी गार्गीला विचारलं.

"तुमच्यासारखं काम. आज तुम्ही जे केलंत ते."

"मग हे घेऊन तुला ते करता येणार नाही." ताईंनी स्वच्छच सांगितलं. "आमच्या मंडळात जलभूशास्त्रज्ञ व्हायचं तर यूपीएससीची भूवैज्ञानिकांची संयुक्त परीक्षा असते. त्या पदाला भूविज्ञान, उपयोजित भूविज्ञान, जलभूविज्ञान अशा विषयांतली पदव्युत्तर पदवी लागते. नुसत्या पर्यावरणाच्या पदवीवर अर्जच भरता येत नाही."

"म्हणजे पर्यावरणाची पदवी घेऊच नये?"

"तसं नाही. त्या विषयात नेट देऊन प्राध्यापक होता येतं. प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांचे अहवाल करणाऱ्या संस्थांत कामं असतात. तुमच्या द्वारकेतच इंद्रप्रस्थ विद्यापीठात पर्यावरण व्यवस्थापनाचा विभाग आहे. पण क्रम बघ. जेएनयूत 1974 पासून पर्यावरण विज्ञानाचं स्कूल आहे. तिथे एमएस्सीला भौतिकशास्त्राची मुलं येतात, रसायनाची येतात, भूविज्ञानाची येतात, जीवशास्त्राची येतात. कुठलंही एक मूळ विज्ञान नीट शिकलेल्याला पर्यावरणाचं दार पुढे उघडं असतं. उलट दिशेने यायला गेलं की दार अडतं. पर्यावरणाची वरवरची पदवी घेऊन भूविज्ञानाच्या एमएस्सीला बसायचं म्हटलं, तर बहुतेक ठिकाणी पदवीला भूविज्ञान होतं का, हेच आधी विचारतात."

वडिलांनी कागद-पेन घेतलं. "मग काय घ्यायचं तिनं? सांगा, लिहून घेतो."

"ते तिनं ठरवायचं. हवेवर काम करायचं असेल तर भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र. पाणी आणि जमीन असेल तर भूविज्ञान. दिल्ली विद्यापीठात हंसराज आणि रामलाल आनंद कॉलेजांत भूविज्ञान ऑनर्स आहे. प्रवेश सीयूईटीच्या गुणांवर होतो. त्या परीक्षेला कुठले विषय घ्यायचे ते कॉलेजच्या अटी वाचूनच ठरव. चुकीचा विषय निवडला तर चांगले गुण पडूनही उपयोग नाही. गणित सोडू नकोस. आणि जिथे विद्यार्थ्यांना हातोडा, होकायंत्र आणि भिंग देऊन दरवर्षी डोंगरात नेतात, असाच विभाग निवड."

"आणि पर्यावरण?"

"ते पदवीच्या ऐच्छिक विषयांत घेता येतं. एमएस्सीला पूर्ण घेता येतं. तोवर तुला खाली काय आहे ते कळलेलं असेल."

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे बोअरमध्ये केली तीच घाई मी पोरीच्या शिक्षणातही करत होतो."

"थर न बघता खोल जायची घाई," ताई हसून म्हणाल्या. "फरक एवढाच की बोअर सिमेंट घालून दुरुस्त करता येतो. आयुष्यातली चार वर्षं तशी बुजवता येत नाहीत."

गार्गीने त्या रात्री वहीत एक तक्ता आखला. आधीचे सगळे तक्ते पहिल्या वर्षापासून सुरू व्हायचे. हा तिने शेवटापासून लिहायला घेतला. सगळ्यांत वर हवं असलेलं काम, त्याखाली त्या कामाला लागणारी परीक्षा, तिच्याखाली परीक्षेला चालणारी पदव्युत्तर पदवी, मग त्या पदवीला चालणारी पहिली पदवी आणि अगदी तळाला सीयूईटीचे विषय. चौथ्या ओळीत भूविज्ञान आलं. आईने तक्ता वाचला आणि पाचव्या ओळीत गणित आहे ना, एवढं तपासून घेतलं. वडिलांनी काहीच सुचवलं नाही. फॉर्मची फी मात्र त्यांनीच भरली.

तात्पर्य: खोलवर जाणं चांगलंच, पण वाटेतले थर ओळखल्यावर. पदवीच्या चकचकीत नावाला भुलू नये. आपल्याला जे काम करायचं आहे, त्याच्या भरतीची जाहिरात आधी वाचावी, तिथे कुठली पदवी मागतात ते पाहावं आणि मगच प्रवेशाचा अर्ज भरावा.