हातच्यापर्यंत

चौकटीच्या वहीत नऊ एक ओळीने मांडा: १११११११११. त्याखाली तीच संख्या लिहून गुणाकार करायला घ्या. प्रत्येक ओळ तीच, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेली. कागदावर एकांचा जिना उभा राहतो. आता उजवीकडून उभ्या बेरजा. पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, असं चढत मधल्या घरात नऊ, मग तसंच उतरत पुन्हा एक. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. ‘लीलावती’तल्या स्थानांप्रमाणे या सतरा अंकी संख्येचा पहिला अंक ‘मध्य’ स्थानी बसतो, परार्धाच्या एकच पायरी अलीकडे.

या घराण्यातल्या संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दिलं. जन्म १९०५, डहाणूचा. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. ही कल्पना त्यांना डोंबिवली, म्हणजे तेव्हाच्या ‘डेम्लो’, स्टेशनात सुचली, म्हणून नावही त्या स्टेशनावरून. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाचं लक्ष गेलं. तोवर इथल्या जाणत्यांनी त्यांचं काम बरंचसं अंकांचे खेळ म्हणून बाजूला सारलं होतं.

त्या आक्षेपात तथ्य आहे. ८१ गुणिले १३६९ गुणिले ३३३६६७ चा वर्ग, ही या संख्येची फोड कोणत्याही लेखनपद्धतीत खरीच राहील. तिला बरोबर ४५ विभाजक आहेत. विभाजक जोडीजोडीने येतात, पण १११११११११ ची जोडी स्वतःशीच जमते, म्हणून विभाजकांची संख्या विषम. अंकांची चढउतार मात्र आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून दिसते. सोळाच्या पटीत लिहिणाऱ्याला पंधरा एकांपर्यंत हीच नक्षी मिळेल.

तरीही मला हा आक्षेप अपुरा वाटतो. दहा एकांचा वर्ग करून पाहा: १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या घरात दहा आले, शून्य मांडलं, हातचा एक. तो शेजारच्या नऊला मिळाला, त्याचेही दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो आठाला मिळाला आणि आठाचा नऊ झाला. डावीकडचा आठ गेला तो असा. दुसरीतलं मूल ज्या हातच्याला अडखळतं, त्यानेच ही समरूपता मोडली. ती नेमकी कुठे आणि का मोडली हे बोट ठेवून सांगता येतं, आणि याला मी गणितच म्हणेन.

आता एकाला ८१ ने भागा. दशांशचिन्हानंतर ०१२३४५६७९ हेच अंक पुन्हापुन्हा येत राहतात. तिथे तर वर्ग केल्याचं वरवर दिसतही नाही. पण सात, आठ, नऊ, दहा, अकरा अशी रांग एकेका घरात बसवताना दहाचा हातचा नऊला जातो, नऊचा आठाला, आणि तिथूनही आठच गायब होतो.