खाड्याचा हिशेब

मॉरिशसला ऊस तोडायला नेलेल्या माणसांविषयी वाचताना माझा जीव तुटतो. 1834 पासून करारावरच्या मजुरांची जहाजं पोर्ट लुईला लागत होती. पुढे त्यांत आपली मराठी माणसंही गेली. तिथे एक दिवस काम चुकलं की दोन दिवसांची मजुरी कापत. आज तिथला आप्रवासी घाट जागतिक वारसा आहे आणि त्या मजुरांचे वंशज देशाचे बरोबरीचे नागरिक आहेत. याचा मला मनापासून आनंद आहे. जगात कुठेही जन्मलेल्या माणसाचा हक्क सारखाच, यावर माझा विश्वास आहे.

मग बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यात बसून खाड्याचा, म्हणजे चुकलेल्या दिवसाच्या कपातीचा, हिशेब ऐकताना माझं मन तसं का हलत नाही?

दसरा-दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, थेट बेळगावपर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या नावावर, हिशेबही त्याच्याशीच. दुखण्यानं कोयता थांबला की खाडा. बाई अंधारात फडात उतरते, मोळ्या बांधते आणि गाडी आली की डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढते. पायाखाली फळी वाकत असते. पाळी असो की पोटुशी असो, चढावं लागतंच. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आकडा आला: बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळीतला खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण बायाच सांगत होत्या.

मॉरिशसचं दुःख मला पेलतं, कारण ते माझ्याकडे काही मागत नाही. तो मळेवाला गेला, तो करार संपला. इथला, टोळी जमवून उचल देणारा मुकादम मात्र लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसतो. तोही कारखान्याच्या पैशाखाली दबलेला असतो, हे मला ठाऊक आहे. पण तेवढंच पुढे करून मी गप्प राहतो का, हे मला तपासलं पाहिजे.

आजारपणात रजा आणि माझी मजुरी माझ्या नावावर, यातलं काहीही माझ्यासाठी मागताना मला जास्तीचं वाटणार नाही. ऊस तोडणाऱ्या बाईसाठी मागायची वेळ आली की मात्र "व्यवहारात कसं जमायचं?" हा प्रश्न आधी उठतो. तो माझ्या मनात कुणी पेरला?

उचलीची बोलणी पावसाळ्यातच सुरू होतात. तेव्हा "बाईच्या नावानं वेगळा हिशेब लिहा" असं मी मुकादमाला म्हणणार का? आणि "तुम्हाला काय करायचंय?" असं त्यानं विचारलं, तर तिथेच थांबणार का?