फिटलेलें कर्ज आणि शमलेला रोग

जामनेरच्या शेतकऱ्यास सातबाराचा उतारा वाचावयास शिकवावें लागत नाहीं. सोसायटीचें कर्ज काढलें कीं ‘इतर हक्कां’त बोजा चढतो, कर्ज फिटलें कीं फेरफार होऊन तो कमी होतो. हस्तलिखित उताऱ्यावर तलाठी अशा जुन्या नोंदीस कंस करीत असे. कंसांतील अक्षरें वाचतां येत, परंतु त्यांचा अंमल संपला आहे, हें पाहणाऱ्यास तत्काळ कळे. कर्ज होतें हेंहि खरें, आणि आज नाहीं हेंहि खरें. दोन्ही सत्यें एकाच कागदावर नांदत. फिटलेल्या कर्जाविषयीं महसुली दप्तरानें दाखविलेला हा विवेक शमलेल्या रोगाविषयीं वैद्यकीय दप्तरानें दाखवावा कीं नाहीं, याचा आम्हांस येथें विचार करावयाचा आहे.

त्यासाठीं आम्हीं आहारविकारांचें उदाहरण घेतों. देह झिजत असतांहि वजन वाढेल या भयानें अन्न टाकणें, किंवा अनावर खाऊन तें ओकून काढणें, हे नखरे नव्हेत, रोग आहेत. पहिल्यास ‘ॲनोरेक्झिया नर्व्होसा’ हें नांव सर विल्यम गल या इंग्रज वैद्यानें १८७३-७४ च्या सुमारास दिलें. दुसऱ्याचें, म्हणजे ‘बुलिमिया नर्व्होसा’चें, वर्णन जेरल्ड रसेल यांनीं १९७९ सालीं केलें. नांवें परकी असलीं तरी रोगहि परकाच, असें कोणीं समजूं नये. जेथें एकादशी, चतुर्थी आणि हरितालिका श्रद्धेनें पाळल्या जातात, तेथें न जेवणारी मुलगी कित्येक महिने कोणाच्या डोळ्यांवर येणार नाहीं. उलट तिच्या निष्ठेचें कौतुकच होईल.

आतां अशी एक मुलगी बरी झाली, असें समजूं. तिच्या कागदावर काय लिहावें? अमेरिकेंतील रुग्णालयें प्रत्येक रोग एका सांकेतिक आंकड्यानें नोंदवितात, आणि आपल्याकडील कितीतरी तरुण-तरुणी पुण्यामुंबईस किंवा हैदराबादेस बसून तेथील कागदांस हे आंकडे लावण्याचें काम करितात. त्या यादींत १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत या शमलेल्या विकारांस स्वतःची जागा नव्हती. रोग चालू आहे असें तरी लिहावें, नाहींतर ‘पूर्वीं कांहीं मानसिक विकार होता’ अशा मोघम खात्यांत तरी ढकलावें, एवढेच मार्ग होते. त्या दिवसापासून मात्र शमलेल्या बुलिमियास एफ ५०.२५ सारखे स्वतंत्र आंकडे मिळाले. यादींत जणूं कंस आला. परंतु आंकडा लावणाऱ्यास स्वतःच्या तर्कानें तो लावतां येत नाहीं. वैद्यानें रोग शमल्याचें स्पष्ट लिहिलें पाहिजे.

मग वैद्यानें तें कशावरून लिहावें? एकट्या वजनकाट्यावरून खचित नव्हे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१३ सालीं काढलेल्या निकषग्रंथांत अर्धा उपशम आणि पूर्ण उपशम असा भेद केला आहे. वजन सांवरलें, पण वजन वाढण्याचें भय किंवा स्वतःच्या देहाविषयींची विपरीत दृष्टि कायम आहे, तर उपशम अर्धाच. पूर्ण उपशमास कोणतेंहि लक्षण दीर्घकाळ नसावें लागतें. किती काळ, हें त्या ग्रंथानें आंकड्यांत सांगितलेलें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणांत मात्र, विशेष उपचार थांबल्यावर सुमारें एक वर्ष टिकलेल्या स्वास्थ्याचें उदाहरण दिलें आहे. येथें एक नैतिक पेंच आहे. हा रोग लपविण्याची कला शिकवितो, म्हणून रुग्णाच्या शब्दावर सर्वस्वीं विसंबतां येत नाहीं. आणि भय उरलें कीं नाहीं हें तिच्यावांचून कोणासहि ठाऊक नसतें, म्हणून तिचा शब्द टाळतांहि येत नाहीं. अर्थात् हा निकाल एका भेटींत देण्याचा नव्हे. तो दीर्घ परिचयानेंच देतां येतो.

कोणी सहृदय मनुष्य म्हणेल, बरी झाली ना? मग तें पान फाडूनच टाका. या दयेचा आम्ही आदर करितों, परंतु तिचा सल्ला मानीत नाहीं. उपासमारीनें हाडें ठिसूळ झालेलीं असूं शकतात. रोग पुन्हां उलटूं शकतो. पान फाडलें तर उद्यां दुसरा वैद्य तिला सहजगत्या ‘थोडें वजन उतरवा’ असें सांगेल, आणि तेवढें एक वाक्य जुनी वाट उघडावयास पुरे होईल.

दुसरा म्हणेल, मग आहे तसेंच राहूं द्या, सावधपणा बरा. हें आम्हांस अधिकच अमान्य आहे. जमीन आपला उतारा वाचीत नाहीं, माणूस वाचतो. जी वर्षानुवर्षें झगडून ताटावर बसली, तिला कागद जर ‘तूं अजून रोगीच’ असें सांगत असेल, तर तो कागद असत्य बोलतोच, शिवाय तिच्या श्रमाचाहि अपहार करितो. आपल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या (२०१७) तिसऱ्या कलमांत हेंच तत्त्व आहे : पूर्वीं उपचार घेतले, एवढ्यावरून आज किंवा पुढें कोणास मनोरुग्ण ठरवितां येत नाहीं. गतकाळ विचारांत घ्यावा. पण त्यानें निकाल देऊं नये.

राहतां राहिला प्रश्न, हा कंस कोणीं वाचावा? सातबारा कोणासहि मागतां येतो. केसपेपर तसा नव्हे. त्याच अधिनियमाच्या तेविसाव्या कलमानें, सांगितलेले अपवाद सोडून, रुग्णास गुप्ततेचा हक्क दिला आहे. परंतु लहान गांवांत केसपेपर नातलगाच्या पिशवींतून फिरतो, आणि लग्नाची बोलणी चालूं असलेल्या मुलीच्या बाबतींत त्याची किंमत काय होते, हें सांगावयास नको. म्हणून नोंद खरी ठेवणें हें वैद्याचें अर्धेंच कर्तव्य होय. ती योग्य डोळ्यांपुरतीच ठेवणें हें उरलेलें अर्धें.

तात्पर्य, लिहिणाऱ्यानें खोडूं नये आणि गोठवूंहि नये. रोग होता, अमक्या तारखेपासून शमला आहे, आणि अमक्यानें तपासून तसें म्हटलें आहे, एवढें लिहावें. कर्जफेडीची नोंद करून घेण्यास शेतकरी चावडीच्या चार खेपा घालतो. रोगांतून सुटलेल्या माणसास तेवढ्या खेपा पडूं नयेत, इतकेंच आमचें मागणें आहे.