दाखला

घाटाखालच्या एका गावात उन्हाळवाहीच्या दिवसांत धुऱ्यावरच्या बोरीवरून वाद पेटला. शेतमालकाने शेजाऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला. मालकाचा सालदार बैलजोडी धरून उभा होता; जखमीच्या पुतण्याने रागाच्या भरात दिलेल्या फिर्यादीत त्याचंही नाव आलं.

खामगावच्या कोर्टाने दोघांना एकाच हुकमाने जामीन दिला: 25,000 रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा जामीनदार. मालकाचा मेहुणा सातबारा आणि तहसीलचा ऐपतीचा दाखला घेऊन हजरच होता. दिवेलागणीला मालक पारावर. सालदाराच्या नावावर वीतभर भुई नव्हती. महिना उलटला तरी तो आतच. कुऱ्हाड चालवणारा बाहेर, कासरा धरणारा आत!

न झेपणारा जामीन गरिबाकडून मागू नका, हे न्या. कृष्ण अय्यर यांनी मोतीराम नावाच्या गवंड्याच्या खटल्यात 1978 सालीच बजावलं होतं. जामिनाअभावी महिनाभर अडकलेल्याच्या अटी सैल करण्याचा विचार करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्येही सांगितलं. पण सालदारासाठी अर्ज करणार कोण?

जखमी अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातून परतला, तो डाव्या हातात भाकरीही धरता येईना. मालक सुटल्याचं जखमीच्या बायकोला कळलं ते पाण्याला जाताना. पारावरून तो मुद्दाम खाकरला.

ती विधी सेवा समितीच्या वकीलबाईंकडे गेली. "मले कोणी इचारलंच नाही."

"विचारायला हवं होतं. जामिनाच्या वेळीही पीडिताचं म्हणणं ऐकायचं, असा लखीमपूर खीरीच्या प्रकरणात 2022 चा निकाल आहे."

अर्ज लागला. साहेबांसमोर बाई म्हणाली, "त्याले गावात येऊ देऊ नका. माहे साक्षीदार भेतात."

"आणि सालदार?"

पुतण्याने मान खाली घातली. बाई थांबली, मग म्हणाली, "तो बैल धरून होता. त्याले काऊन ठेवलं आत?"

मालकाला खटला संपेपर्यंत गावबंदी झाली. सालदार नुसत्या जातमुचलक्यावर सुटला.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी भरपाईचा अर्ज भरायला घेतला. तो बुलढाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाणार, चौकशी होणार, मग रक्कम ठरणार.

"पेरणीच्या आधी येतीन पैसे?"

"तोवर अंतरिम मदत मागू. त्यासाठी ठाणेदाराचा दाखला लागेल."

"म्हंजे मलेबी दाखला?" बाई म्हणाली आणि ठाण्याची वाट विचारू लागली.