पाहण्याचा धर्म

अण्वस्त्रयुद्धाचे चित्रण जनतेला दाखवावे की नाही, हा वाद राजकीय वाटला तरी मुळात तो धर्मविचाराचा प्रश्न आहे. पीटर वॉटकिन्स यांचा 'द वॉर गेम' हा अणुयुद्धावरील चित्रपट बीबीसीने 1965 साली रोखला आणि तो दूरचित्रवाणीवर यायला 1985 साल उजाडले. मुंबईत आनंद पटवर्धन यांच्या 'जंग और अमन' या 2002 च्या माहितीपटावर चित्रपट प्रमाणन मंडळाने अनेक काटछाटी सुचवल्या आणि 2003 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या अमान्य केल्या. या माहितीपटाचा विषय असलेल्या पोखरणच्या अणुचाचण्या 11 मे 1998 रोजी, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, सुरू झाल्या. दादरच्या चैत्यभूमीवर नतमस्तक होणाऱ्या बौद्ध समाजाच्या दृष्टीने हा योगायोग क्लेशकारक आहे, कारण बुद्धाच्या शिकवणीत करुणा, म्हणजे इतरांचे दुःख दूर व्हावे ही तळमळ, दुःखाकडे डोळे उघडे ठेवून पाहण्यातून जन्मते. धाकनीतीचा, म्हणजे प्रतिहल्ल्याच्या भयाने शत्रूला रोखण्याच्या तत्त्वाचा, आधारही कल्पित संहारच असतो. मग ज्या संहाराची कल्पना शत्रूने करावी अशी राज्यसंस्थेची अपेक्षा असते, ती स्वतःच्या नागरिकांना करू न देणे तर्कालाही धरून नाही आणि नीतीलाही. असे चित्रण एकांगी असू शकते, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याचे उत्तर प्रतिवादाने द्यावे, कात्रीने नव्हे. ज्यांच्या नावाने अस्त्र सज्ज ठेवले जाते, त्यांना त्याचा परिणाम पाहण्याचा अधिकार आहे.