बनी तो बनी

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण बाहेरगावचे लोक आम्हाला ऐकवतात तेव्हा आपणच ती पहिल्यांदा सांगतोय असा त्यांचा चेहरा असतो. जमलं तर जमलं, नाही तर परभणी आहेच. मी स्वतः ही म्हण एकदाच मनापासून वापरली, एका लायसन्सचा अर्थ मित्राला समजावताना. ओपन सोर्सच्या बहुतेक लायसन्समध्ये मोठ्या अक्षरांत एक परिच्छेद असतो: हे सॉफ्टवेअर जसं आहे तसं घ्या, ते चालेलच याची हमी नाही, नुकसान झालं तर लिहिणारा जबाबदार नाही. म्हणजे बनी तो बनी.

२०२१ पासून मी एका छोट्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कंपायलरवर आणि लायब्रऱ्यांवर फावल्या वेळात काम करतो. भाषेचं नाव सांगून उपयोग नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार; जगभरातले वापरणारे मिळून एका एसटीत मावतील, काही सीटा रिकाम्याही राहतील. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलून देणारा प्रोग्रॅम. आमचा कंपायलर तर अर्धंच काम करतो. तो आमच्या भाषेतून सी भाषेतला कोड काढतो आणि पुढचं जीसीसीवर सोपवतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये पहिल्यांदा फुकट वाटलेला हा कंपायलर आज इतका अवाढव्य झालाय की त्याच्या पोटात काय चालतं हे शिकवायला आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास कार्यशाळा घेतल्या. थोडक्यात, मीही दुसऱ्याच्याच फुकटावर उभा आहे.

आता चुकीकडे येतो. आमच्या भाषेची तारखांची लायब्ररी माझी. मानवतच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर बसणारा एक मुलगा माझ्या ओळखीचा. कापसाची गाडी काट्यावर आली की वजनाची पावती छापायची, एवढा छोटा प्रोग्रॅम त्याला हवा होता. पायथॉनमध्ये तो संध्याकाळपर्यंत झाला असता. पण मीच म्हणालो, आपल्या भाषेत करू. खरं कारण असं, की मला जिल्ह्यात एक तरी वापरणारा हवा होता.

२९ फेब्रुवारी २०२४, गुरुवार. दुपारी त्याचा फोन आला. "दादा, सकाळपासून सगळ्या पावत्यांवर एक मार्च येतंय. उद्याची तारीख आजच कशी?"

लीप वर्ष ओळखणारी अट मी चुकीची लिहिली होती, लीप वर्षही साधं ठरत होतं. कामाला सुरुवात २०२१ ची, त्यामुळे मधे लीप वर्ष आलंच नव्हतं आणि चूक तीन वर्षं गप्प बसून होती. वीस मिनिटांत ती दुरुस्त झाली. पावत्या मात्र वीस मिनिटांत दुरुस्त होत नाहीत. भाव रोज हलतो आणि पावतीवरच्या तारखेचा भाव लागतो. त्या मुलाने पेनाने तारखा खोडून बाजूला सह्या केल्या. खाडाखोड केलेली पावती हातात आल्यावर शेतकऱ्याला काय वाटतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. दोघातिघांनी आवाज चढवला, मालकाने सगळ्यांसमोर त्या पोराला झापलं. लायसन्सनुसार यातल्या कशालाही मी जबाबदार नव्हतो.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही: फुकट दिलेल्या गोष्टीबद्दल देणाऱ्यावर कुणाचा काही हक्क असतो का?

आपल्याकडच्या उन्हाळ्यात याचं जवळचं उदाहरण म्हणजे पाणपोई. समजा, एकाने रस्त्यालगत मांडव घालून दोन रांजण ठेवले. त्याच्यावर कसलीच सक्ती नव्हती. मे महिन्यात त्याला कंटाळा आला आणि त्याने रांजण भरायचं सोडलं, तर त्याला जाब विचारणारे आपण कोण? मला हे बरीच वर्षं पटत होतं. पण घरून बाटली न घेता निघालेल्या माणसाचा विचार करा. पुढे पाणपोई आहे हे माहीत होतं म्हणूनच तो तसा निघाला. पाणपोई मुळात नसती तर त्याने पाणी बरोबर घेतलं असतं. म्हणजे नुसत्या देण्यानेही आपण दुसऱ्याच्या वागण्यात बदल करतो, आणि तो बदल लायसन्सच्या परिच्छेदाने पुसला जात नाही. मी तर आणखी पुढे गेलो होतो. त्या मुलाच्या हातातली बाटली मीच काढून घेतली होती.

मोठ्या जगातही हीच भांडणं आहेत. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने वादातून चिडून आपली सगळी पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यातलं 'लेफ्ट-पॅड' जेमतेम ११ ओळींचं, पण त्यावर टेकलेले असंख्य प्रोजेक्ट एका झटक्यात बिल्ड होईनासे झाले. शेवटी एनपीएमने ते कोड परस्पर परत जागेवर ठेवलं. एल्म या भाषेचं दुखणं वेगळं. तिचे कर्ते एव्हान चॅपलिकी यांनी २०१८ च्या आवृत्तीत कंपायलरमधली एक आडवाट बंद केली, त्यावर विसंबलेले लोक संतापले. २०१९ च्या ०.१९.१ नंतर तर वर्षानुवर्षं नवी आवृत्ती आली नाही. काहींना ते भाषा पूर्ण झाल्याचं लक्षण वाटलं, काहींना फसवणूक. माझं मत विचाराल तर, नवं काही न करणं ही फसवणूक नाहीच. पुढे काय होणार याचा लोकांना अंदाज येईल एवढं मात्र बोलावं. रांजण भरायचे नसतील तर ते उपडे करून ठेवावेत, म्हणजे उन्हातून येणाऱ्याला लांबूनच कळतं.

इतपत उत्तर मिळालं तेव्हा बरं वाटलं. पण ते जेमतेम महिनाभर टिकलं.

२९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने जाहीर केलं की एक्सझेड नावाच्या, लिनक्सच्या जगात जवळपास सगळीकडे असलेल्या लायब्ररीत कुणीतरी चोरदार ठेवलंय. लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्या धाग्यावरून त्याने ते शोधलं. लायब्ररी सांभाळणारा लासे कॉलिन हा फिनलंडचा माणूस. बिनपगारी छंद म्हणून करत होता, मनाची तब्येत बरी नव्हती, तेही त्याने लोकांना सांगून ठेवलं होतं. म्हणजे माझ्या भाषेत त्याने रांजण अर्धा उपडा केला होता. तरी काही नावं त्याच्या मागे लागली: काम हळू चाललंय, दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. त्यातलं एक नाव तर चक्क जिगर कुमार. ही नावं बनावट असावीत असं आता मानलं जातं. आणि मदतीला जिया टॅन नावाचं कुणीतरी होतंच. दोनेक वर्षं नम्रपणे, नेटकं काम करणारं. त्याच्याच हातून ते चोरदार आत गेलं.

आमच्या जिल्ह्यात गंगाखेड आहे, जनाबाईंचं गाव. दळता दळता त्या थकल्या की विठ्ठल येऊन जात्याला हात लावायचा, ही कथा आमच्याकडे लहानपणीच कानावर पडते. एकट्याने काही सांभाळणारा प्रत्येक माणूस आतून त्याच हाताची वाट बघत असतो. कॉलिनच्या जात्यालाही दुसरा हात लागला. तो कुणाचा होता हे आजही उघड झालेलं नाही.

कंपायलरच्या बाबतीत तर हे अधिकच भीतीदायक. युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक, केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये छापलेल्या भाषणात ते दाखवलंय. त्यातली मेख विरजणाने समजते. नवा कंपायलर बहुधा आधीच्याच कंपायलरने तयार करतात, जसं कालच्या दह्याने आजचं दही लागतं. एकदा विरजणात खोट शिरली, की रोज कितीही निर्मळ दूध आणा, दही तसंच लागणार. थॉम्पसन यांनी दाखवलं की कंपायलर स्वतःच्या पुढच्या पिढीत चोरदार गुपचूप उतरवू शकतो. कोडची ओळन् ओळ वाचली तरी त्यात काहीच सापडत नाही, कारण दूध खरंच चांगलं असतं. 'कोड उघडं आहे, वाचून घ्या' असं आम्ही अभिमानाने म्हणतो. मानवतच्या काट्यावरचा मुलगा काय वाचणार? आणि मी तरी जीसीसीची ओळन् ओळ कुठे वाचलीय?

त्या एप्रिलमध्ये मलाही एक मेल आला होता. पाठवणारा अनोळखी, तारखांच्या लायब्ररीला त्याने चांगल्या चाचण्या लिहून दिल्या होत्या आणि सांभाळायची तयारीही दाखवली होती. मी त्याच्या चाचण्या एकेक वाचून घेतल्या. किल्ली दिली नाही. तो सज्जन असेल तर मी त्याचा अपमान केला, आणि बहुधा तो सज्जनच होता. हे मला अजून टोचतं. पण किल्ली माझ्याकडे असली तरी पाणी पिणारे दुसरे आहेत. त्यांच्या वतीने उदार व्हायचा अधिकार मला सापडला नाही.

लायब्ररीच्या पहिल्या पानावर आधी 'वापरण्यास तयार' असं लिहिलं होतं. ते खोडून आता लिहिलंय: सांभाळणारा एकच, तोही फक्त रविवारी, पैशांचा व्यवहार असेल तर दुसरं काही वापरा. मग मानवतला जाऊन त्या मुलालाही हेच तोंडी सांगितलं आणि तोच प्रोग्रॅम पायथॉनमध्ये लिहून त्याच्या कॉम्प्युटरवर टाकून आलो.

त्याने अजून तो सुरू केलेला नाही. "चाललंय ना दादा, कशाला बदलायचं?" म्हणतो. पुढची २९ फेब्रुवारी २०२८ मध्ये, मंगळवारी आहे. मी ती फोनमध्ये टाकून ठेवलीय.